हौद्याच्या मातीवर बोची

निवड चाचणीच्या आदल्या संध्याकाळी आम्हाला कळलं, की आमची माती चुकीची आहे.

शाळेच्या बाई जन्मदाखल्याची प्रत न्यायला आल्या होत्या. त्या पन्हाळ्याला राहतात आणि परतीची एसटी गाठायची म्हणून कायम घाईत असतात. तालमीच्या मागच्या पट्ट्यावर माझी मुलगी बोची या चेंडूंच्या खेळाचा सराव करत होती, तो बघायला त्या जरा थांबल्या. मुलीनं लाल चेंडू हात वर नेऊन सोडला. तो मातीत धप्पकन पडला आणि पडला तिथंच रुतून बसला. बाईंनी चप्पल काढून पट्ट्यावर पाय ठेवला. पायाची बोटं मातीत गेली.

"अहो, हे काय केलंय?" त्या म्हणाल्या. "उद्या कडक पट्टा आहे. वर गालिचा अंथरलेला. तिथं चेंडू टाकत नाहीत, घरंगळवतात."

तालमीचे वस्ताद शेजारीच उभे होते. ती माती त्यांनी केलेली. त्यांनी आधी बाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कडक?" ते म्हणाले. "पोरास्नी लागंल की."

मुलगी दुसरा चेंडू घेऊन आमच्या तोंडांकडं बघत होती. काहीतरी बिनसलंय एवढं तिला कळलं होतं.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. तिला गोष्टी उशिरा समजतात, आणि एकदा समजल्या की त्या बदलणं तिला फार जड जातं. डॉक्टरांनी तिच्या बुद्धीला एक आकडा दिला आहे. तो मी इथं लिहीत नाही, कारण त्यावरून तिच्याबद्दल फारसं काही कळत नाही. शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हिशेब लिहून पोट भरणारा माणूस हे सांगतो आहे, म्हणजे आकड्यांवर माझा राग आहे असं कुणी समजू नये.

अठरा पूर्ण झाली की तिची शाळा सुटणार होती. त्यानंतर काय, याचं उत्तर आमच्याकडं नव्हतं. तिच्याआधी शाळा सुटलेल्या दोन मुली आम्हाला माहीत होत्या. दोघीही घरात टीव्हीपुढं बसून असतात, आणि त्यांच्या आया दार लावूनच बाजारात जातात. बाईंनी एकच वाट सांगितली होती. जिल्ह्याच्या बोची संघात नाव लागलं, तर वय कितीही होवो, संघाचा सराव वर्षभर चालू राहतो. चार मुली निवडायच्या होत्या. नाव लागलं, तर सकाळी दार उघडून जायला तिला एक जागा राहणार होती. नाही लागलं, तर नाही.

सराव तालमीत कसा गेला, तेही सांगतो. शाळेचं अंगण नव्या बांधकामासाठी खणलेलं होतं. मुलं व्हरांड्यात प्लास्टिकच्या चेंडूंनी खेळायची. खरे चेंडू किलोभराच्या आसपास वजनाचे, ते व्हरांड्यात कोण टाकू देणार? आमच्या घरामागं तालीम आहे. तिच्या मागं एक लांब पट्टी रिकामी होती, तिथं लोक दुचाकी लावायचे. मी वस्तादांना विचारलं. त्यांनी तालमीचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळींना विचारलं. चाचणी होईपर्यंत वापरा, नंतर गाड्या लागतील, असं ठरलं.

साठ फूट लांबी, बारा फूट रुंदी. मी टेप धरून दोरी बांधली. गवंड्याकडून पाण्याची नळी आणून चारही कोपऱ्यांची पातळी घेतली. बाजूला फळ्या ठोकल्या. मग वस्ताद म्हणाले, आता मातीचं माझ्यावर सोडा. त्यांनी हौदा केला. म्हणजे कुस्तीच्या आखाड्यासाठी करतात तसाच. पोरांनी फावड्यानं पट्टी उकरली, माती चाळली, तांबडी माती आणून मिसळली, ताक, तेल, लिंबू, हळद घातली, पायांनी तुडवली. सगळ्या गल्लीला वास सुटला होता. येणारा जाणारा म्हणायचा, काय माती केलीय. हाताला लोण्यासारखी लागत होती. पडणाऱ्याला लागू नये म्हणून माती मऊ करायची, हे इथल्या प्रत्येकाला जन्मापासून ठाऊक. या खेळात कुणी पडत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. लांबी, रुंदी, पातळी मी मोजली होती. कडकपणाही बघायचा असतो, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

खेळ अगदी सोपा आहे. एक छोटा पांढरा चेंडू आधी टाकायचा. मग एकानं लाल आणि दुसऱ्यानं हिरवे, प्रत्येकी चार चेंडू त्याच्या जवळात जवळ न्यायचे. ज्याचा जवळ, त्याला गुण. जो लांब असेल, त्याची पाळी. पांढऱ्याला आमच्या मुलीनं पिल्लू नाव ठेवलं. शाळेत फुटबॉल झाला, थ्रोबॉल झाला, दोन्हींत ती रडून बाहेर आली होती, कारण चेंडू अंगावर येतो आणि लगेच काहीतरी ठरवावं लागतं. इथं ती पहिल्या दिवशी अर्धा तास खेळली. मी विचारलं, का आवडलं? ती म्हणाली, "पिल्लू पळत न्हाय."

मी त्या दिवसांत या खेळाविषयी मिळेल ते वाचत होतो. इजिप्तमध्ये एका लहान मुलाच्या थडग्यात गोल दगड सापडले, तेव्हापासून हा खेळ असावा असं म्हणतात. रोमन शिपाई मुक्कामाच्या ठिकाणी खेळायचे, म्हणून तो त्यांच्या पाठोपाठ देशोदेशी गेला. पुढं इटलीत त्याला आजचं रूप आलं, आणि पोटासाठी अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला गेलेली इटालियन माणसं तो बरोबर घेऊन गेली. संध्याकाळी मी हे वस्तादांना सांगायचो. रोमन लोक आधी नारळ वापरत आणि मग ऑलिव्हच्या लाकडाचे चेंडू करू लागले, असंही एके ठिकाणी लिहिलं होतं. याला पुरावा काय ते मला सापडलं नाही, हेही मी सांगितलं.

"नारळ?" वस्ताद म्हणाले. "मग खोबरं कुणी खाल्लं?"

युरोपात राजांनी अशा खेळांवर बंदी घातली होती, कारण माणसं धनुष्यबाणाचा सराव सोडून चेंडू टाकत बसायची. हे ऐकून ते फार खूश झाले. "म्हंजे तालमीला दांडी मारून गोट्या खेळणाऱ्यांचा खेळ की ह्यो. दिवाणजी, तुम्ही माझ्याच दारात आणून बांधला व्हय?"

पण ते रोज येऊन बसायचे. या खेळाला पळावं लागत नाही, उंची लागत नाही, वय लागत नाही. गुडघे गेलेले वस्ताद आणि माझी मुलगी समोरासमोर खेळायचे, आणि कोण जिंकेल ते शेवटचा चेंडू पडेपर्यंत सांगता यायचं नाही. सात चेंडूंनी केलेलं सगळं आठवा उलटं करतो. इतकी वर्षं लोक हा खेळ का खेळतात, ते मला पुस्तकापेक्षा तिथं जास्त कळलं.

दोन सवयी तिला तिथं लागल्या. पहिली वस्तादांची. चेंडू उचलण्याआधी ती वाकून चिमूटभर माती घ्यायची, तळहातावर चोळायची, कपाळाला लावायची. पैलवान करतात तसं. त्याशिवाय ती टाकायचीच नाही. दुसरी माझी. कुठला चेंडू जवळ आहे ते मी नजरेनं ठरवू द्यायचो नाही. हातभराचा फरक असला तरी टेप लावायचा. एक टोक ती धरायची, एक मी, आणि मग रंग ती सांगायची. वस्ताद वैतागायचे. आंधळ्यालाबी दिसतंय, म्हणायचे. ती त्यांच्याकडं लक्ष न देता म्हणायची, "मोजा."

तर अशी ती तयार झाली होती, आणि आदल्या संध्याकाळी बाई म्हणत होत्या, की उद्या हे काही चालणार नाही. मऊ मातीत चेंडू पिल्लापर्यंत न्यायचा तर तो उचलून, जोर लावून टाकावा लागतो. कडक पट्ट्यावर तोच जोर लावला, तर चेंडू थेट मागच्या फळीवर जाणार. बाई गेल्या. अंधार पडायला तासभर होता. मी मुलीला घराच्या फरशीवर नेलं आणि हळू घरंगळवायला सांगितलं. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, फरशीकडं बघितलं, आणि चेंडू मांडीवर घेऊन खाली बसली.

"इथं न्हाय," ती म्हणाली. "माती न्हाय."

बायकोनं मला खुणेनं थांबायला सांगितलं. चेंडूंची निळी पिशवी मुलीनं उद्यासाठी आधीच दाराशी आणून ठेवली होती.

सकाळी आम्ही रिक्षानं मैदानावर पोचलो. वस्तादही आले, धोतर बदलून. हिरव्या गालिच्याचे पट्टे अंथरलेले, कडेला फळ्या, मुलांचा गलका. पालकांना दोरीबाहेर उभं केलं होतं आणि आतल्या खेळाडूला काही सांगायचं नाही अशी ताकीद होती. मुलीसमोर बिद्रीकडची एक मुलगी होती. तिचे वडील साखर कारखान्यात कामाला, आमच्या शेजारीच दोरी धरून उभे होते. जी जिंकेल तिचं नाव संघात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आम्ही एकमेकांकडं बघून हसलो आणि मग बघायचं टाळलं.

पिल्लू टाकलं गेलं. बिद्रीच्या मुलीचा हिरवा घरंगळत जाऊन त्याच्यापासून फूटभर थांबला. आमच्या मुलीची पाळी आली. ती पुढं झाली, वाकली आणि हात गालिच्यावर ठेवला. गालिचा. तिनं बोटांनी खरवडून बघितलं. मग सरळ झाली आणि उभी राहिली.

पंच एक तरुण शिक्षक होते. त्यांनी हातानं खूण केली, टाक. ती हलली नाही. त्यांनी घड्याळ बघितलं. एका चेंडूला ठरावीक वेळ असतो, त्यात टाकला नाही तर तो बाद. बाईंनी तोंडावर पदर धरला होता. वस्तादांनी माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की मला हाताची बोटं कळेनात.

"माती पाहिजे तिला," ते पुटपुटले. "माझ्या खिशात असती तर."

पंचांनी हात वर केला. तेवढ्यात ती खाली बसली. बायकोला वाटलं, आता रडणार. मुलीनं उजव्या पायातला बूट काढला, उलटा केला आणि तळव्याच्या खाचांत कालची तांबडी माती वाळून बसली होती, ती नखानं खरवडली. तळहातावर चोळली. कपाळाला लावली. बूट घातला, नाडी बांधली. पंचांचा हात तसाच वर राहिला होता. तिनं चेंडू टाकला.

तो हवेतून गेला, आपटला आणि दणकन मागच्या फळीवर बसला. दुसराही. तिसरा पिल्लाला लागला आणि पिल्लू उडून कोपऱ्यात गेलं. तिनं वळून आमच्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला एका शब्दात सांगता येणार नाही. आजवर पिल्लू कधी पळालं नव्हतं.

पहिल्या तीन फेऱ्यांत तिला एकही गुण मिळाला नाही. पाच शून्य झालं. दर वेळी बूट निघायचा, माती निघायची, चेंडू फळीवर जायचा. बिद्रीच्या मुलीचे वडील हळूच म्हणाले, "पावणं, हात लई जोराचा हाय की पोरगीचा." मी हो म्हणालो.

चौथ्या फेरीत काय झालं ते मी नीट बघितलं आहे. बुटातली माती संपत आली होती. तिला पुरेशी मिळाली नाही, म्हणून ती बसूनच राहिली, आणि बसल्या बसल्याच, हात खाली ठेवून, तिनं चेंडू सोडला. उठून टाकायचा कंटाळा केला म्हणा. चेंडू गालिच्यावरून घरंगळत गेला, हळू हळू गेला, आणि पिल्लापासून वीतभर थांबला. तिनं मान वाकडी करून त्याच्याकडं बघितलं. मग पुढचाही बसूनच सोडला.

त्यानंतर ती उभी राहून खेळलीच नाही. रेषेमागं बसून खेळायला नियमाची हरकत नव्हती. पाच दोन. पाच तीन. बिद्रीची मुलगीही काही कच्ची नव्हती. सहा चार. बायको देवाचं नाव घेत होती आणि वस्ताद मांडीवर हळू हळू थापा मारत होते. मी काहीच करत नव्हतो. सात सात झाले, आणि पंचांनी सांगितलं, वेळ संपत आला, ही शेवटची फेरी.

त्या फेरीत पिल्लू डाव्या फळीजवळ जाऊन थांबलं. एका बाजूला बिद्रीचा हिरवा, अगदी लगत. आमच्या मुलीचा एकच चेंडू उरला. ती बसली. बूट काढला, खरवडलं, काही निघालं नाही. तिनं रिकामाच तळहात चोळला, रिकामीच बोटं कपाळाला लावली आणि चेंडू सोडला.

तो फळीच्या कडेकडेनं गेला आणि पिल्लाच्या दुसऱ्या बाजूला थांबला. पंच पुढं झाले. सकाळचं ऊन तिरपं होतं. लाल चेंडूची सावली पिल्लावर पडली होती, त्यामुळं दोघांमध्ये फटच नाही असं वरून दिसत होतं. मागं अजून दहाबारा मुली पाळीची वाट बघत होत्या. पंचांनी वाकून बघितलं, सरळ झाले आणि हात वर केला.

"लाल."

बायकोनं माझा दंड धरला. वस्तादांच्या तोंडून मोठा हुंकार निघाला. बिद्रीच्या माणसानं दोरी सोडली.

मुलगी उठून पंचांजवळ गेली. त्यांना वाटलं हात मिळवायला आली, त्यांनी हात पुढं केला. तिनं तो धरला नाही.

"मोजा," ती म्हणाली.

"अगं, तुझाच आहे. लाल. जिंकलीस तू."

"मोजा की."

मी तेव्हा काय विचार केला ते लिहितो. नको, असा विचार केला. तोंडानं बोललो नाही, पण दोरीवरून तिच्याकडं बघत मी मनात पुन्हा पुन्हा म्हणत होतो, नको, ये इकडं. बायकोनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं दिसलं असावं.

"तुमचीच लेक," ती म्हणाली.

पंचांनी खिशातून टेप काढला. मुलीनं सवयीनं एक टोक धरलं. आधी लाल मोजला, मग हिरवा. मग पुन्हा लाल. फरक नखाएवढा होता. पंच काही बोलायच्या आत रंग तिनंच सांगितला, रोज सांगते तसा.

"हिरवा."

आणि टेपचं टोक सोडून दिलं.

बिद्रीची मुलगी आनंदानं उड्या मारायला लागली. तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती, आणि कुणी सांगितलंही नाही. तिचे वडील थोड्या वेळानं माझ्याजवळ आले. "पावणं," ते म्हणाले, "मलाबी लालच वाटला हुता." एवढंच बोलून ते मुलीकडं गेले.

दुपारी चार नावं वाचली. मुलगी पुढं जाऊन उभी होती. वाचून झाल्यावर ती तिथंच थांबली, आणि बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला घेऊन आल्या. रिक्षात तिनं विचारलं, उद्या पट्ट्यावर जायचं ना? बायकोनं तिची पिशवी आपल्या मांडीवर ओढून घेतली. मी म्हणालो, बघू. वस्ताद पुढं रिक्षावाल्याशेजारी बसले होते, त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. चाचणी झाली होती. ठरल्याप्रमाणं पट्टी आता गाड्यांची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन दाराशी उभी राहिली. शाळेची वेळ झाली नव्हती. तिला काय सांगायचं ते मी रात्रभर जुळवलं होतं आणि त्यातलं एकही वाक्य मला धड येत नव्हतं. शेवटी वाटलं, गाड्या लागलेल्या तिनं स्वतः बघाव्यात. तिला घेऊन मागं गेलो.

पट्टीवर चार पैलवान लंगोटावर क्रिकेटच्या मैदानावरचा रोलर ओढत होते. वस्ताद झारीनं पाणी मारत पुढं चालले होते. वरची मऊ माती त्यांनी सगळी काढून तालमीतल्या हौद्यात नेली होती आणि खाली मुरूम पसरला होता. तालमीच्या पंचमंडळींतले एक जण दुचाकी घेऊन तोंडाशी उभे होते.

"वस्ताद, गाडी कुठं लावू?"

"रस्त्यावर लाव."

"चाचणीपर्यंतच ठरलं हुतं न्हवं?"

"हुतं." वस्तादांनी झारी खाली ठेवली. "पंचानं दिलेली कुस्ती पोरीनं परत केली. ह्या तालमीत अजून कुणी केली न्हाय, मीबी केली न्हाय. तिला हितनं उठवायचं असलं तर आधी मला उठव. दिवाणजी, नळी आणा, पातळी बिघडलीया."

त्या गृहस्थांनी थोडा वेळ गाडी चालूच ठेवली. मग वळवली आणि रस्त्यावर लावली.

मी गवंड्याकडं नळी आणायला गेलो. परत आलो तेव्हा मुलगी रेषेच्या जागी बसून नव्या जमिनीवरून हात फिरवत होती. जमीन घट्ट, थंड, ओली. चिमटीत काही येत नव्हतं. तिनं वस्तादांकडं बघितलं.

ते आत गेले आणि हौद्यातली माती घमेलं भरून घेऊन आले. तिच्या उजव्या हाताला, फळीला लागून ते घमेलं ठेवलं.

पट्टा वाळायला अजून दोन दिवस लागणार होते. तिनं माती घेतली, चोळली, कपाळाला लावली आणि थांबून राहिली.